एडीपी टेस्ट नापास, टॉप-हेवी ‘यस’: लहान कंपनीच्या ४०१(के)चं आता काय करायचं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे आणि त्यात चार-पाच गोष्टी एकात एक अडकल्या आहेत. म्हणून मला काय समजलं ते आधी सांगतो. कुठे चुकत असेन तर लगेच सांगा, कारण उत्तर त्यावर बदलेल.

न्यू जर्सीत एडिसनला तुमची आयटी कन्सल्टिंगची एस-कॉर्पोरेशन (नफा थेट मालकाच्या रिटर्नमध्ये जाणारी कंपनी) आहे. सुरुवातीला कंपनीत तुम्ही आणि तुमच्या सौभाग्यवती दोघंच होता, तेव्हा सोलो ४०१(के), म्हणजे फक्त मालक-जोडप्यापुरता निवृत्ती बचतीचा प्लॅन, उघडलात. २०१९ पासून माणसं घ्यायला लागलात आणि त्यांना त्याच प्लॅनमध्ये सामावून घेतलंत. आज तुम्ही दोघं, एक सीनियर आर्किटेक्ट आणि दहा इंजिनिअर आहेत. त्यातले चौघं ४०१(के)मध्ये एक डॉलरही घालत नाहीत. कंपनी स्वतःच्या खिशातून काही घालत नाही. आता २०२६ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डकीपरचं (खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचं) पत्र आलंय की २०२५ ची एडीपी टेस्ट (मालक व जास्त पगारवाले आणि बाकीचे यांनी घातलेल्या टक्क्यांची तुलना) नापास झाली, २२,५०० डॉलर परत करावे लागतील. तुम्ही विचारताय: पगार फक्त ६०,००० असलेली पत्नी ‘हायली कॉम्पेन्सेटेड’ कशी? हा रिफंड कोणत्या वर्षाचं उत्पन्न धरायचा आणि डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) बदलायचा का? शंभरच्या आत माणसं असताना फॉर्म ५५०० (प्लॅनचा वार्षिक अहवाल) भरावा लागतो का, कारण २०२२ चा भरल्याचं सापडत नाहीये? ऑगस्टमध्ये गणपतीसाठी पुण्याला गेला होता तेव्हा दोन पेरोलचे कापलेले पैसे तीन आठवडे उशिरा जमा झाले, त्याचं काय? आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की पत्राच्या दुसऱ्या पानावर ‘टॉप-हेवी: यस’ असं आहे, पण त्यापुढे रक्कम नाही म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. बाकीच्या प्रश्नांचं मूळही तिथेच आहे: प्लॅन दोघांसाठी शिवलेला, आणि कंपनी आता तेरा जणांची आहे. मी गेली बरीच वर्षं टीपीए, म्हणजे प्लॅनचं कामकाज बघणारा बाहेरचा प्रशासक, म्हणून लहान कंपन्यांचे प्लॅन सांभाळतो. आपल्या लोकांच्या कन्सल्टिंग कंपन्यांमध्ये हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्नीचा प्रश्न, कारण तो समजला की टेस्ट समजते. हायली कॉम्पेन्सेटेड, म्हणजे एचसीई, ठरवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, आदल्या वर्षीचा पगार ठरावीक रकमेच्या वर असणं. २०२५ च्या टेस्टसाठी २०२४ चा पगार बघतात आणि ती मर्यादा १,५५,००० डॉलर होती. दुसरा, त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी कंपनीत पाच टक्क्यांहून जास्त मालकी असणं. या दुसऱ्या रस्त्यात पगार बघतच नाहीत. आणि मालकी फक्त कागदावरची नाही, नात्याने आलेलीही धरतात. तुमचे शेअर्स तुमच्या पत्नीचे, मुलांचे, आईवडिलांचे आणि आजीआजोबांचेही समजले जातात. उद्या मुलीला उन्हाळ्यात कंपनीत कामाला लावलंत तर तीही एचसीई. भाऊ, मेहुणा, सासू-सासरे यांना मात्र तुमच्या मालकीमुळे हा शिक्का लागत नाही. त्यांचा आपला पगार काय तेवढं बघायचं. तुमचा आर्किटेक्ट पगारामुळे एचसीई झाला, पत्नी तुमच्यामुळे झाली.

आता टेस्ट. प्रत्येक पात्र माणसाने पगाराच्या किती टक्के घातले ते काढायचं, एचसीईंची सरासरी एका बाजूला, बाकीच्यांची दुसऱ्या बाजूला. जो पात्र आहे पण घालत नाही, त्याचा शून्यही सरासरीत धरला जातो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मांडतो. तुमचा डब्ल्यू-२ पगार २,००,००० आणि घातले २३,५००, म्हणजे ११.७५ टक्के. (एस-कॉर्पमध्ये मालकाला के-१ फॉर्मवर येणारा नफा इथे पगार धरत नाहीत, फक्त डब्ल्यू-२.) पत्नीचा पगार ६०,०००, घातले १२,०००, म्हणजे २० टक्के. आर्किटेक्टचे १,७०,००० वर ८,५००, म्हणजे ५ टक्के. तिघांची सरासरी १२.२५. दुसरीकडे दहा इंजिनिअर: चार शून्य, बाकीचे सहा ३ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान, बेरीज ३० टक्के, सरासरी ३. बाकीच्यांची सरासरी २ ते ८ टक्क्यांत असेल तर एचसीईंना त्याच्यावर दोनच टक्के जास्तीची मुभा आहे. म्हणजे ५. तुम्ही १२.२५ वर आहात.

पत्नीचा पगार कमी असल्यामुळे तिचे १२,००० डॉलर टक्केवारीत इतके मोठे दिसतात. घरातल्या बाईला थोडा पगार दाखवून त्यातला बराचसा ४०१(के)त टाकायचा ही पद्धत दोघांच्याच प्लॅनमध्ये चालून जाते, कारण तिथे तुलना करायला दुसरं कोणी नसतं. कर्मचारी आले की तीच पद्धत टेस्ट पाडते.

रिफंडची वाटणी कशी होते हे बघण्यासारखं आहे, कारण त्यावरून ऑफिसात गैरसमज होतात. एकूण किती परत करायचं ते टक्केवारीवरून ठरतं: तुम्ही आणि पत्नी दोघं ५ टक्क्यांवर आलात की टेस्ट पास होते, म्हणजे तुमचे १३,५०० आणि तिचे ९,०००, मिळून २२,५००. पण कुणाला किती परत जाणार हे डॉलरवरून ठरतं. ज्याने सगळ्यात जास्त डॉलर घातले त्याच्यापासून सुरुवात. तुम्हाला २३,५०० वरून १२,००० वर आणतात, मग तुम्हा दोघांना ८,५०० वर, आणि तरी ४,००० उरतात ते तिघांत वाटले जातात. शेवटी तुम्हाला साधारण १६,३३३, पत्नीला ४,८३३ आणि आर्किटेक्टला १,३३३ परत. त्याची टक्केवारी बरोबर पाचच होती, तरीही त्याला चेक जाणार. त्याला हे चेक हातात पडायच्या आधी समजावून सांगा. नाहीतर ‘मालकाच्या प्लॅनमुळे माझे पैसे परत आले’ एवढंच त्याला दिसेल.

तुमचं वय लिहिलेलं नाही. तुम्ही २०२५ संपेपर्यंत पन्नाशी गाठली असेल आणि प्लॅनमध्ये कॅच-अपची (पन्नाशीनंतर मर्यादेच्या वर जादा घालायची) सोय असेल तर तुमच्या रिफंडातले ७,५०० डॉलर कॅच-अप म्हणून प्लॅनमध्येच ठेवता येतात. मग तुमचा चेक ८,८३३ चा होईल. पत्नीलाही हाच नियम, आणि तिची तर सगळी रक्कम त्यात बसेल. रेकॉर्डकीपरकडे जन्मतारखा चुकीच्या नोंदलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून पत्रासोबतच्या यादीतल्या तारखा, मालकीचा रकाना आणि कामाला लागल्याच्या तारखा तुम्ही स्वतः वाचा. टेस्ट त्या यादीवर चालते.

कराचं सांगतो. हा रिफंड २०२५ चा असला तरी तो ज्या वर्षी हातात येतो त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. मार्च २०२६ मध्ये चेक निघाला तर २०२६ चा १०९९-आर (प्लॅनमधून मिळालेल्या पैशांचा करासाठीचा फॉर्म) निघेल. तो तुम्हाला २०२७ च्या जानेवारीअखेर मिळेल, त्यावर कोड ८ असेल आणि २०२७ च्या एप्रिलमध्ये भरायच्या रिटर्नमध्ये तो दाखवायचा. २०२५ चा डब्ल्यू-२ बदलायचा नाही. बॉक्स १२ मधला डी कोडचा आकडा आहे तसाच राहतो. तुमच्या सीपीएने (अमेरिकेतल्या सीएने) २०२५ चं रिटर्न थांबवून ठेवलं असेल तर त्या कारणासाठी थांबायची गरज नाही. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढल्याचा दहा टक्के दंडही या रकमेला लागत नाही. पण ती आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) रोलओव्हर करता येत नाही. दरवर्षी कुणीतरी हे करून बसतो आणि मग आयआरएमधली जादा रक्कम काढायचं वेगळं काम मागे लागतं.

याच्याशी एका वेगळ्याच गोष्टीची गल्लत होते, तीही इथेच सांगतो, कारण तुमच्याकडे वर्षाच्या मधे नोकरी बदलून आलेले लोक असणार. एखाद्याने जूनपर्यंत जुन्या कंपनीत १५,००० घातले आणि नंतर तुमच्याकडे १२,०००, तर दोन्ही मिळून २७,००० झाले. २०२५ ची वैयक्तिक मर्यादा २३,५०० होती. ही चूक कुठल्याच प्लॅनच्या टेस्टमध्ये दिसत नाही, कारण एका प्लॅनला दुसऱ्याचं माहीत नसतं. ते ३,५०० डॉलर १५ एप्रिलच्या आत काढायला हवेत. रिटर्नला मुदतवाढ घेतली म्हणून ही तारीख पुढे जात नाही. आणि ही रक्कम २०२५ मध्येच करपात्र होते, १०९९-आर वर कोड पी येतो. वेळेत काढली नाही तर त्याच पैशावर दोनदा कर बसतो: एकदा आता, एकदा निवृत्तीनंतर काढताना. ही खबरदारी कर्मचाऱ्याने स्वतः घ्यायची असते, पण डब्ल्यू-२ देताना तुम्ही सगळ्यांना एक ओळ लिहून पाठवलीत तर त्यांचं मोठं काम होईल.

एडीपी रिफंडची तारीख १५ मार्च आहे, प्लॅनचं वर्ष संपल्यापासून अडीच महिने. यंदा १५ मार्चला रविवार येतो. सुट्टी आली म्हणून ही तारीख पुढे सरकेल असं धरून चालू नका, शुक्रवार १३ तारखेपर्यंत पैसे प्लॅनमधून निघालेले असू द्या. उशीर झाला तर कंपनीला दहा टक्के एक्साइज टॅक्स (दंडासारखा कर) लागतो, तुमच्या बाबतीत २,२५० डॉलर, आणि तो फॉर्म ५३३० वर भरावा लागतो. डिसेंबर २०२६ ही उलटून गेली तर मात्र नुसता रिफंड पुरत नाही. मग आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) दुरुस्तीच्या नियमांप्रमाणे जावं लागतं आणि कर्मचाऱ्यांसाठी कंपनीला पैसे घालावे लागतात.

आता टॉप-हेवीकडे येतो. ही टेस्ट वर्षात कोणी किती घातलं ते बघत नाही, खात्यांत साचलेली शिल्लक बघते. मालक आणि त्यांच्यासारखे ‘की एम्प्लॉयी’ यांची शिल्लक आदल्या वर्षाच्या शेवटी एकूण शिलकीच्या साठ टक्क्यांहून जास्त असेल तर प्लॅन टॉप-हेवी. २०२५ साठी ३१ डिसेंबर २०२४ ची शिल्लक धरली. तुमच्या दोघांच्या सोलो काळापासूनच्या खात्यांपुढे इंजिनिअरांची चार-पाच वर्षांची खाती लहान पडणारच. मालकाने स्वतः पगाराच्या तीन टक्के किंवा जास्त घातले असतील, तर कंपनीने प्रत्येक नॉन-की माणसाला, जो वर्षाच्या शेवटच्या दिवशी कामावर होता, पगाराच्या तीन टक्के द्यायचे. जो स्वतः शून्य घालतो त्यालाही. पत्रात रक्कम नव्हती कारण रेकॉर्डकीपर ती आपोआप मोजत नाही, फक्त ‘यस’ छापतो.

तुमच्या इंजिनिअरांचे पगार सरासरी ९०,००० म्हणालात, म्हणजे दहा जणांचे ९,००,०००. आर्किटेक्ट एचसीई असला तरी की एम्प्लॉयी नाही, त्याचे १,७०,०००. मिळून १०,७०,०००, त्याचे तीन टक्के ३२,१०० डॉलर. हे २०२५ साठी तुम्हाला द्यायचेच आहेत. २२,५०० च्या रिफंडमध्ये बहुतेक तुमच्याच घरचे पैसे घरी परत येतात. हे ३२,१०० मात्र कंपनीचे, खरोखर बाहेर जाणारे.

यात दोन व्यवहाराच्या गोष्टी. कंपनीच्या २०२५ च्या रिटर्नमध्ये याची वजावट हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ धरून, पैसे जमा व्हायला हवेत. एस-कॉर्पचं रिटर्न यंदा १६ मार्चला आहे. सीपीएला आजच फॉर्म ७००४ (मुदतवाढीचा अर्ज) भरायला सांगा, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत वेळ मिळतो. दुसरं, २०२५ टॉप-हेवी असेल तर २०२३ आणि २०२४ ही असण्याची शक्यता दाट आहे. त्या वर्षांचे टेस्ट रिपोर्ट मागवून दुसरं पान बघा. तेव्हाचे तीन टक्के राहिले असतील तर ते त्यावरच्या कमाईसकट भरून स्वतःहून दुरुस्ती करता येते. आयआरएसने विचारल्यावर तेच करण्यापेक्षा हे खूप सोपं जातं.

मग यापुढे काय करायचं? ‘टेस्ट पास करायची असेल तर इंजिनिअरांना घालायला लावा’ असा सल्ला तुम्हाला मिळालाय. करून बघू. शून्यवाल्या चौघांनी उद्यापासून पाच-पाच टक्के घातले तरी सरासरी ५ होते, तुमची मर्यादा ७ होते, आणि तुम्ही १२.२५ वरच असता. म्हणजे नापासच. त्या चौघांशी बोलण्याचं कारण वेगळं आहे, त्यावर पुढे लिहितो.

उत्तर आहे सेफ हार्बर. कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला पगाराच्या सरसकट तीन टक्के दिले, ते पहिल्या दिवसापासून पूर्ण त्याचे ठेवले आणि प्लॅन डॉक्युमेंटमध्ये तसं लिहिलं की एडीपी टेस्ट करावीच लागत नाही. आणि प्लॅनमध्ये तेवढेच पैसे पडत असतील तर टॉप-हेवीतूनही सुटका. टॉप-हेवीमुळे तुम्ही तीन टक्के, म्हणजे ३२,१०० डॉलर, तसेही देणार आहात. तेच पैसे सेफ हार्बर म्हणून दिले तर दोन्ही टेस्ट संपतात आणि तुम्ही, पत्नी आणि आर्किटेक्ट पूर्ण मर्यादेपर्यंत घालू शकता. २०२६ साठी ती मर्यादा २४,५०० आहे. फरक एवढाच की टॉप-हेवीच्या पैशांना व्हेस्टिंगची वर्षं (पैसे पूर्ण कर्मचाऱ्याचे होण्याआधी करायची नोकरी) लावता येतात, सेफ हार्बरच्या तीन टक्क्यांना नाही. माणूस दोन वर्षांत सोडून गेला तरी ते पैसे घेऊन जाईल. मला यात गैर काही वाटत नाही, त्याने तेवढं काम केलेलं असतं. पण हिशेबात धरा.

२०१९ च्या सिक्योर ॲक्टमुळे हा निर्णय वर्ष चालू असतानाही घेता येतो. वर्ष संपायच्या तीस दिवस आधीपर्यंत अमेंडमेंट झाली तर तीन टक्के पुरतात. म्हणजे २०२६ साठी नोव्हेंबरअखेरच्या आत सही करून टाका. त्यानंतर पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंतही करता येते, पण मग चार टक्के द्यावे लागतात. याचा अर्थ २०२५ साठीही तो दरवाजा अजून उघडा आहे. मालक सोडून सगळ्यांना चार टक्के म्हणजे ४२,८००. टॉप-हेवीच्या रकमेपेक्षा १०,७०० जास्त, आणि रिफंडची गरज नाही. करावं का? नुसत्या पैशाकडे बघितलं तर मी २०२५ साठी रिफंड घ्या म्हणेन. तुमचा फायदा एवढाच की साधारण एकवीस हजारांवरचा कर पुढे ढकलला जातो, तो माफ होत नाही, आणि त्यासाठी दहा हजार जादा मोजायचे. पन्नाशी ओलांडली असेल तर रिफंड आणखी लहान होतो, मग तर प्रश्नच नाही. पण वर्ष चांगलं गेलंय आणि यंदा बोनस देणारच होतात असं असेल तर तो या मार्गाने देण्याचा विचार करा. मात्र हे १३ मार्चच्या आत ठरवा. चेक निघाल्यावर मागे फिरता येत नाही.

सरसकट तीन टक्क्यांऐवजी मॅचचाही (कर्मचारी घालेल त्या प्रमाणात कंपनीनेही घालण्याचा) सेफ हार्बर असतो: पहिल्या तीन टक्क्यांना डॉलरला डॉलर, पुढच्या दोन टक्क्यांना निम्मे, म्हणजे जास्तीत जास्त चार टक्के. जो घालत नाही त्याला काही नाही. आजच्या सवयी धरल्या तर इंजिनिअरांचे सुमारे २०,२५० आणि आर्किटेक्टचे ६,८००, मिळून २७,०५० होतात. तीन टक्क्यांपेक्षा पाच हजारांनी स्वस्त. पण सगळे जागे होऊन पाच टक्के घालायला लागले की हाच खर्च ४२,८०० वर जातो. शिवाय मॅच वर्षाच्या मधे सुरू करता येत नाही. १ जानेवारीपासून लावायचा आणि कर्मचाऱ्यांना किमान तीस दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. म्हणजे तो आता २०२७ साठीच. तुमच्या जागी मी सरसकट तीन टक्के निवडेन. खर्च पेरोलवरून आधीच कळतो, आणि ज्याला आज बचत जमत नाही त्याच्याही नावावर काहीतरी जमा होतं. लोकांना घालायची सवय लावायची असेल तर मॅच जास्त काम करतो हे मान्य आहे. ही निवड तुम्हाला कंपनी कशी चालवायची आहे त्यावर आहे.

आता ते चौघं. तुम्ही लिहिलंय की सगळे एच-१बी वर आहेत आणि ‘परत जायचंय, पैसे कशाला अडकवायचे’ म्हणतात. हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की यावर एक बैठक घ्याच. सल्ला तुम्ही स्वतः देऊ नका, मालकाच्या तोंडून तो दबाव वाटतो. प्लॅनच्या ॲडव्हायजरला बोलवा. त्यांना कळायला हवं की स्वतः घातलेले पैसे पहिल्या दिवसापासून पूर्ण त्यांचे असतात, देश सोडला म्हणून ते बुडत नाहीत. बहुतेक वेळा खातं इथेच ठेवता येतं. शिल्लक फारच लहान असेल तर प्लॅन ती बाहेर काढू शकतो, तेवढं डॉक्युमेंटमध्ये बघायचं. भारतात रहिवासी झाल्यावर खात्यात दरवर्षी वाढणाऱ्या रकमेवर तिकडे कर लागेल का, ही भीती रास्त होती. त्यासाठीच २०२१ च्या फायनान्स ॲक्टने ८९ए हे कलम आणलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांच्या बाबतीत फॉर्म १०-ईई भरून, पैसे काढताना कर भरायचा पर्याय निवडता येतो. भारतात आता नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यामुळे परत जाताना तिथल्या सीएकडून चालू कलम आणि फॉर्म विचारून घ्यावा. घाईने जाता जाता सगळे पैसे काढले तर मात्र कर आणि वर दहा टक्के दंड, हे खरं आहे.

फॉर्म ५५०० चं उत्तर सरळ आहे: भरावा लागतो. शंभरच्या आत माणसं असली की फॉर्म छोटा होतो, ५५००-एसएफ, आणि ऑडिट सहसा लागत नाही. पण भरण्यातून सूट नाही. तुमच्या मनात सोलो प्लॅनचा नियम राहिलाय. फक्त मालक आणि पती किंवा पत्नी असलेल्या प्लॅनला २,५०,००० डॉलरपर्यंत काही भरावं लागत नाही, त्यावर ५५००-ईझेड. पहिला इंजिनिअर प्लॅनमध्ये पात्र झाला त्या वर्षी तो नियम तुमच्यासाठी संपला. तारीख ३१ जुलै, मुदतवाढीचा फॉर्म ५५५८ भरला तर १५ ऑक्टोबर.

२०२२ चा फॉर्म खरंच भरला नव्हता का, हे लेबर डिपार्टमेंटच्या ईफास्ट-२ साइटवर दहा मिनिटांत कळतं. सगळे ५५०० तिथे उघड असतात, कंपनीच्या नावाने शोधा. २०१९ पासूनची सगळी वर्षं बघा. राहिलं असेल तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. आयआरएसचा दंड दिवसाला २५० डॉलर, दीड लाखापर्यंत. लेबर डिपार्टमेंटचा त्याहून वेगळा, दिवसाला दोन हजारांवर. त्यांची नोटीस यायच्या आत त्यांच्याच डीएफव्हीसी या उशिरा फॉर्म भरणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातून फॉर्म भरलात तर लहान प्लॅनला एका वर्षासाठी जास्तीत जास्त ७५० डॉलर आणि अनेक वर्षं मिळून १,५०० एवढ्यावर भागतं, आणि त्या मार्गाने नीट भरलं की आयआरएसही आपला दंड सोडते. नोटीस आली की हा मार्ग बंद.

ऑगस्टचे उशिराचे पैसे. पेरोलमधून कापलेले पैसे कापल्या क्षणापासून कर्मचाऱ्यांचे असतात, कंपनीच्या खात्यात ते राहता कामा नयेत. लहान प्लॅनसाठी सात कामकाजाच्या दिवसांत जमा केले तर वेळेत धरतात. ‘पुढच्या महिन्याच्या पंधराव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत चालतं’ असं बरेच लोक सांगतात, ते ऐकू नका. ती शेवटची सीमा आहे, मुभा नाही. तुम्हाला तीन आठवड्यांच्या बुडालेल्या कमाईची रक्कम खात्यांत भरायची आहे. लेबर डिपार्टमेंटच्या साइटवर त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे. १७ मार्च २०२५ पासून छोट्या उशिरासाठी स्वतःहून दुरुस्तीची सोय आलीय: बुडालेली कमाई १,००० डॉलरच्या आत आणि मूळ पैसे कापल्यापासून १८० दिवसांत जमा झालेले असले तर पूर्ण अर्जाऐवजी ऑनलाइन सूचना देऊन काम होतं. तुम्ही दोन्हीत बसता असं दिसतं. ५५००-एसएफ मध्ये उशिराबद्दलच्या प्रश्नाला ‘यस’ लिहून रक्कम टाका. ‘नो’ लिहून सही करणं ही उशिरापेक्षा मोठी चूक ठरते. बुडालेल्या कमाईवर १५ टक्के एक्साइज टॅक्सही असतो, रक्कम बहुधा काही डॉलरची निघेल, ती टीपीएकडून तपासून घ्या. आणि पुढच्या गणपतीला जाण्याआधी पेरोल कंपनीकडून हे पैसे आपोआप जातील अशी व्यवस्था करा. बहुतेक पेरोल कंपन्या हे करून देतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि ती सगळं उत्तर बदलू शकते: तुम्हा दोघांची आणखी एखादी कंपनी आहे का? पत्नीच्या नावावर डे-केअर, दोघांच्या भागीदारीतलं दुकान किंवा मोटेल? मालकी पुरेशी एकत्र असेल तर दोन्ही कंपन्या या नियमांपुरत्या एकच धरतात आणि डे-केअरमधल्या बायकांनाही तुमच्या प्लॅनच्या कव्हरेज टेस्टमध्ये (प्लॅन पुरेशा कर्मचाऱ्यांना लागू आहे का हे बघणाऱ्या टेस्टमध्ये) मोजावं लागतं. पुण्यात ऑफिस असेल तर तिथल्या लोकांची काळजी नको. अमेरिकेत उत्पन्न नसलेले परदेशी कर्मचारी यातून वगळले जातात. पण इथली दुसरी कंपनी असेल तर मी वर दिलेला ३२,१०० चा आकडा आणि सेफ हार्बरचा खर्च दोन्ही नव्याने मांडावे लागतील. त्याबद्दल, तुमच्या वयाबद्दल आणि २०२३-२४ च्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर काय आहे ते कळवा, आणि रेकॉर्डकीपरला चेक काढायला सांगण्याआधी कळवा.